छातीतली जळजळ थांबत नाही : एंडोस्कोपी करायची की नाही, हे कसं ठरवावं

महिनोन्‌महिने छातीत जळजळतंय, रात्री घशाशी आंबट येतंय, मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूलने चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. अशा वेळी घरातलं कुणीतरी सांगतं, "एकदा दुर्बीण घालून बघून घे." ही दुर्बीण म्हणजेच एंडोस्कोपी : तोंडातून नळी घालून अन्ननलिका आणि जठर आतून बघणं. तपासणी चांगली आहे, पण ती मोजक्या प्रश्नांची उत्तरं देते. अन्ननलिकेला आतून जखमा आहेत का, ती कुठे अरुंद झाली आहे का, जठरात व्रण किंवा गाठ आहे का, आतल्या अस्तराचं रूप बदललं आहे का, एवढं तिच्यातून दिसतं. ॲसिड वर येतं की नाही, हे तिच्यातून थेट कळत नाही. जळजळ असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांची अन्ननलिका दुर्बिणीतून स्वच्छच दिसते, आणि तरीही त्यांची जळजळ खरी असते. म्हणून नाव नोंदवण्याआधी आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे ते ठरवायला हवं.

खालच्या पायऱ्या मोठ्या माणसांसाठी आहेत. लहान मुलांचं आणि गरोदर बायकांचं गणित वेगळं असतं, ते त्यांच्या डॉक्टरांवर सोडावं. बाकीच्यांनी क्रम बदलू नये, कारण पहिल्या दोन पायऱ्या जिवाशी संबंधित आहेत.

पायरी १ : हे हृदयाचं नाही ना?

छातीच्या मध्यभागी होणारी प्रत्येक जळजळ पोटातूनच येते असं नाही. हृदयविकाराचा झटकासुद्धा "ॲसिडिटी झाली असेल" म्हणून इनो, सोडा किंवा जेल्युसिल घेऊन तासन्‌तास अंगावर काढला जातो. जिना चढताना, भरभर चालताना किंवा ओझं उचलताना छातीत दाटून येत असेल आणि थांबलं की कमी होत असेल, तर आधी ईसीजी आणि हृदयाची तपासणी करून घ्या. छातीतलं दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम येत असेल, धाप लागत असेल, तर लगेच जवळचं रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये झटक्याची लक्षणं अनेकदा अशी ठळक नसतात. नुसती मळमळ, थकवा आणि छातीत अस्वस्थ वाटणं एवढंच असू शकतं.

अँटासिड घेतल्यावर बरं वाटलं, म्हणजे हृदयाचं नव्हतं, असा निष्कर्ष काढू नका. हृदयाचं दुखणंही काही मिनिटांत आपोआप ओसरतं आणि श्रेय अँटासिडला जातं.

पायरी २ : धोक्याच्या खुणा शोधा

खालीलपैकी एकही खूण असेल, तर आठ आठवडे गोळ्या घेऊन बघू, असं करू नका. थेट एंडोस्कोपीसाठी जा. याचं कारण असं की ॲसिड कमी करणारी औषधं व्रण तात्पुरता भरून आणतात, काही वेळा सुरुवातीच्या कर्करोगाची लक्षणंही दाबून टाकतात, आणि तेवढा वेळ वाया जातो.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे घास अडकणं, आणि नेमकी हीच लोकांच्या लक्षात येत नाही. गिळायला त्रास होतो का, असं विचारलं की बरेच जण नाही म्हणतात, कारण त्यांनी नकळत खाणंच बदललेलं असतं. भाकरी सुटलेली असते, चपाती आमटीत कुस्करून खाल्ली जाते, मटण नको वाटतं, प्रत्येक घासाला पाणी लागतं, जेवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून रुग्णापेक्षा त्याच्यासोबत जेवणाऱ्यांना विचारा. आधी फक्त घट्ट पदार्थ अडकत होते आणि आता मऊ भातही अडकतो, असं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झालं असेल, तर त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल, रात्री न पचलेलं अन्न तोंडात येत असेल, तर अन्ननलिकेच्या हालचालीचाच आजार असू शकतो; तिथेही पहिली पायरी एंडोस्कोपीच. घास पूर्ण अडकून थुंकीही गिळता येत नसेल, तर ती आणीबाणी आहे, सकाळची वाट बघायची नाही.

बाकीच्या खुणा अशा :

- गिळताना दुखणं.
- रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती सहसा चिकट नसते. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. यासोबत चक्कर येत असेल तर थेट रुग्णालयात जा.
- खाण्यात मुद्दाम बदल न करता वजन घटणं. वजनकाटा नसेल तर पट्ट्याचं भोक, सैल झालेला ब्लाउज, बोटातली अंगठी यांवरून कळतं.
- लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय, विशेषतः पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या बायकांमध्ये.
- सतत उलट्या, किंवा काल खाल्लेलं आज उलटून पडणं.
- पोटात हाताला लागणारी गाठ.
- आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला अन्ननलिकेचा किंवा जठराचा कर्करोग झालेला असणं.

यात वयाचाही विचार होतो. पोटाच्या वरच्या भागातला त्रास आयुष्यात पहिल्यांदाच उतारवयात सुरू झाला, तर तपासणीकडे लवकर वळतात. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा ६० वर्षांची आहे. आपल्याकडे बरेच डॉक्टर पंचेचाळिशी-पन्नाशीपासूनच सावध होतात, आणि ते योग्य वाटतं. भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा जो प्रकार जास्त आढळतो, तो ॲसिडपेक्षा तंबाखू आणि दारूशी जोडलेला आहे. त्यामुळे तंबाखू, गुटखा, खर्रा किंवा बिडी असेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मिसरीही सांगा. दात घासण्यापुरती लावते, असं म्हणून अनेक बायका ती तंबाखूत मोजतच नाहीत.

पायरी ३ : रोजच्या गोळ्यांची यादी काढा

घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. गुडघ्यांसाठी किंवा कंबरेसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराला व्रण करतात आणि जळजळ वाढवतात. यातल्या पुष्कळ गोळ्या चिठ्ठीविना घेतल्या जातात, म्हणून त्या कुणाच्याच नोंदीत नसतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलं जाणारं ॲलेंड्रोनेट, मुरुमांसाठी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन आणि लोहाच्या गोळ्या अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करू शकतात. रात्री झोपता झोपता एका घोटात गोळी गिळली की हे घडतं. अशी गोळी पेलाभर पाण्यासोबत बसून घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नये. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडू शकते.

हृदयासाठी चालू असलेलं ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पर्याय आहे का, एवढं विचारा.

पायरी ४ : आठ आठवडे उपचार नीट करा

धोक्याची खूण नाही, छातीच्या हाडामागे जळजळ आणि घशाशी आंबट येणं ही नेहमीचीच लक्षणं आहेत, तर पहिला उपाय औषधाचा. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम किंवा ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम यांपैकी डॉक्टर देतील ते एक औषध, दिवसातून एकदा, आठ आठवडे. "औषधांनी फरक पडत नाही" म्हणून एंडोस्कोपीला येणाऱ्या पुष्कळांनी औषध चुकीच्या वेळी घेतलेलं असतं, म्हणून इथे थोडं थांबून समजून घ्या.

जठरात ॲसिड सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ही औषधं फक्त चालू असलेल्या पंपांना बंद करतात, आणि पंप चालू होतात ते जेवणामुळे. औषध रक्तात काही तासच टिकतं. त्यामुळे नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी गोळी घेतली, तर पंप सुरू होतात तेव्हा ती रक्तात हजर असते. जेवणानंतर, झोपताना किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेतली, तर परिणाम बराच कमी मिळतो. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, म्हणून एक दिवस घेऊन दोन दिवस सोडण्यात अर्थ नाही. सकाळी गोळी घेऊन थेट दुपारी दोनला जेवणाऱ्यांचंही हेच होतं; नाश्ता करत नसाल तर दिवसातल्या पहिल्या जेवणाआधी घ्या. आणि गोळी घेतल्याबरोबर चहा-बिस्किट खाल्लं तर तो नाश्ताच झाला.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलसोबत डोमपेरिडोनही असतं. ते सगळ्यांना लागत नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. पट्टीच्या मागची अक्षरं वाचा. अधेमधे जळजळ झाली तर अँटासिड किंवा अल्जिनेट असलेलं पातळ औषध घ्यायला हरकत नाही. सोड्याच्या पुड्यांत सोडियम भरपूर असतं, म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी त्या रोज घेऊ नयेत.

औषधासोबत दोन गोष्टींचा खरोखर फायदा होतो. एक, रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. साडेदहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्यांचं औषध अपुरं पडतं, यात औषधाचा दोष नसतो. दोन, पोटाचा घेर कमी करणं. रात्री त्रास होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या उशा वाढवल्याने अंग कंबरेत दुमडतं आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपणं उजव्या कुशीपेक्षा बरं.

पथ्याच्या लांबलचक याद्या पाळायची गरज नाही. मिसळ, तळलेले वडे, रिकाम्या पोटी कडक चहा, सोडा, दारू, सिगारेट यांपैकी तुम्हाला ज्याने त्रास होतो तेवढं सोडा. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पुढे जठर पुन्हा ॲसिड सोडतं.

या काळात एक साधी वही ठेवा : जळजळ कधी झाली, किती वेळ टिकली, जेवणानंतर किती वेळाने, रात्री झोपमोड झाली का, गोळी किती वाजता घेतली. आठ आठवड्यांनी निर्णय घेताना ही वही आठवणीपेक्षा भरवशाची ठरते.

पायरी ५ : आठ आठवड्यांनंतर

*पूर्ण बरं वाटलं.* डॉक्टरांना विचारून औषध थांबवून बघा. थांबवल्यावर पहिले काही आठवडे जळजळ उसळी मारू शकते, कारण दाबलेलं ॲसिड काही काळ नेहमीपेक्षा जास्त सुटतं. "गोळीची सवयच लागली" असं वाटतं ते यामुळेच. तेवढे दिवस अँटासिडवर काढा. त्यानंतरही त्रास नसेल तर एंडोस्कोपीची गरज नाही. थांबवल्यावर तोच त्रास परत आला आणि वर्षानुवर्षं गोळी घ्यावी लागेल असं दिसत असेल, तर एकदा एंडोस्कोपी करून घेणं शहाणपणाचं. आपण नेमकं कशासाठी औषध घेतोय हे त्यातून कळतं.

*अर्धवट बरं वाटलं.* आधी गोळीची वेळ तपासा. वेळ बरोबर असेल तर डॉक्टर काही काळ दिवसातून दोनदा औषध देऊन बघतात, किंवा एंडोस्कोपी सुचवतात. दोन्ही मार्ग योग्य आहेत.

*काहीच फरक पडला नाही.* मग हे ॲसिडचं नसण्याची शक्यता मोठी. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखून ते पाठीत किंवा खांद्यात जात असेल, तर पित्ताशयातले खडे शोधायला सोनोग्राफी करा. एंडोस्कोपीत पित्ताशय दिसत नाही. बाकीच्यांनी एंडोस्कोपी करावी, आणि ती स्वच्छ निघाली तर पुढच्या तपासणीची तयारी ठेवावी. तिच्याविषयी शेवटी लिहिलं आहे.

याशिवाय काही जणांनी औषधाने बरं वाटत असलं तरी एकदा तपासणी करावी, असं म्हटलं जातं : जळजळ वर्षानुवर्षांची, आणि शिवाय पुरुष असणं, पन्नाशी ओलांडलेली असणं, पोट सुटलेलं असणं, धूम्रपान, घरात अन्ननलिकेचा कर्करोग यांपैकी तीन किंवा अधिक गोष्टी. सततच्या ॲसिडने अन्ननलिकेच्या तळाचं अस्तर बदलतं, त्या स्थितीला बॅरेट म्हणतात, आणि तिच्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. बॅरेट आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतं, तरी वरच्या यादीत बसणाऱ्या माणसाने ते बघून घ्यावं.

एंडोस्कोपी न करणं योग्य, अशाही वेळा असतात. वय पस्तीस, लक्षणं नेहमीची, औषधाने पूर्ण आराम आणि धोक्याची एकही खूण नाही, अशा माणसाच्या हाती तपासणीतून फारसं काही लागत नाही. वर्षा-दोन वर्षांपूर्वीची एंडोस्कोपी स्वच्छ आणि त्रास तोच, तर पुन्हा करून नवं काही निघण्याची शक्यता कमी. नुसता खोकला किंवा बसलेला आवाज असेल आणि जळजळ नसेल, तर आधी छाती आणि घसा तपासावा.

"सोनोग्राफी केलीय, नॉर्मल आहे, मग दुर्बीण कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. सोनोग्राफीत अन्ननलिकेचं आणि जठराचं आतलं अस्तर दिसत नाही. बेरियमच्या एक्स-रेने अरुंद जागा कळते, लहान जखमा कळत नाहीत आणि तपासायला अस्तराचा तुकडाही घेता येत नाही. गिळायची कॅप्सूल एंडोस्कोपी मुख्यतः लहान आतड्यासाठी असते. अन्ननलिकेतून ती क्षणात निघून जाते.

पायरी ६ : तारीख घेण्याआधी विचारायचे प्रश्न

"ॲसिडची गोळी किती दिवस आधी थांबवू?" हा पहिला प्रश्न. निदान अजून पक्कं नसेल तर दोन ते चार आठवडे थांबवून केलेली एंडोस्कोपी जास्त सांगून जाते, कारण गोळी चालू असताना जखमा भरून आलेल्या असतात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची चाचणी करायची असेल, तर गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते. नाहीतर जंतू असूनही चाचणी नकारार्थी येते. पण रक्तस्राव, व्रण किंवा मोठ्या जखमा आधीच माहीत असतील तर गोळी स्वतःहून थांबवू नका.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर बघण्यापुरत्या आणि छोटा तुकडा घेण्यापुरत्या एंडोस्कोपीसाठी ती बहुतेकदा बंद करावी लागत नाहीत. हृदयात स्टेंट असलेल्यांनी क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवणं जिवावर बेतू शकतं. मधुमेह असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा आणि गोळ्या-इन्शुलिनचं काय करायचं ते लिहून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन वर्गातली गोळी किंवा सेमाग्लुटाइड चालू असेल तर नाव घेऊन सांगा. पहिली घेऊन उपाशी राहणं धोक्याचं ठरू शकतं, दुसऱ्या औषधाने जठर उशिरा रिकामं होतं आणि झोपेच्या इंजेक्शनखाली अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दमा, औषधाची ॲलर्जी हेही सांगा.

खर्चाबद्दल संकोच न करता विचारा. सांगितलेल्या रकमेत झोपेचं इंजेक्शन, भूलतज्ज्ञ, बायोप्सी (तपासायला तुकडा घेणं) आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट धरला आहे का? अनेकदा हे वेगळं लागतं. काही ठिकाणी आधी एचआयव्ही आणि काविळीच्या रक्तचाचण्या मागतात, त्यांचाही हिशेब धरा. मेडिक्लेममध्ये दाखल न होता केलेल्या तपासण्या असतीलच असं नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ अशा सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी खूप कमी खर्चात होते. तिथे तारीख मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून धोक्याची खूण असेल तर ती केसपेपरवर ठळक लिहून घ्या.

दोन रुग्णांच्या मध्ये दुर्बीण कशी निर्जंतुक करता, हेही विचारायला हरकत नाही. प्रत्येक वेळी ब्रशने घासून, धुऊन, जंतुनाशक द्रावणात ठरलेली मिनिटं बुडवून ठेवणं अपेक्षित असतं.

पायरी ७ : आदला दिवस आणि सकाळ

रात्री हलकं जेवा. जेवण तपासणीच्या किमान सहा तास आधी झालेलं हवं. बरीच केंद्रं आठ तास सांगतात, तेच पाळा. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो अन्नात जातो. "नुसता अर्धा कप घेतला होता" म्हणून परत पाठवलेले लोक रोज असतात. त्या सकाळी पान, सुपारी, तंबाखू, मिसरी काही नको. अँटासिड किंवा सुक्राल्फेटचं पातळ औषधही नको, ते अस्तरावर पांढरा थर धरतं आणि खालचं दिसत नाही. रक्तदाबाची नेहमीची गोळी बहुतेक ठिकाणी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, विचारून घ्या. रात्री न पचलेलं अन्न तोंडात येत असेल तर आधीच कळवा, तुम्हाला जास्त वेळ पातळ आहारावर ठेवावं लागेल.

कवळी काढून ठेवायची असते. हलणारा दात असेल तर सांगा. नेलपॉलिश पुसा, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत घ्या.

पायरी ८ : नळी जाताना

दोन पर्याय असतात. एक, घशात लिग्नोकेनचा कडू फवारा मारून जागेपणी. दुसरा, शिरेतून झोपेचं औषध देऊन. फवाऱ्यावर केली तर अर्ध्या-पाऊण तासात स्वतः घरी जाता येतं आणि खर्च कमी येतो. झोपेच्या औषधाने उबळ फारशी आठवत नाही, पण सोबत माणूस लागतो आणि २४ तास गाडी चालवणं, महत्त्वाच्या कागदांवर सही करणं टाळावं लागतं. फार घाबरणाऱ्या माणसाने झोपेचं औषध मागण्यात काही कमीपणा नाही. हालचाल कमी झाली की डॉक्टरांनाही शांतपणे बघता येतं.

डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं देतात. नळी साधारण ९ ते १० मिलिमीटर जाडीची असते, करंगळीहून बारीक. ती घशातून सरकते तो क्षण सगळ्यात अवघड, कारण तिथे उबळ येते. त्या वेळी डॉक्टर "गिळा" म्हणतील तेव्हा गिळा. त्यानंतर गिळू नका, लाळ तोंडातून बाहेर वाहू द्या आणि श्वास संथ ठेवा. गुदमरल्यासारखं वाटतं, पण नळी अन्ननलिकेत असते, श्वासनलिका मोकळी असते. आत हवा सोडतात म्हणून पोट फुगतं, ढेकर येतात. सगळं मिळून पाच ते दहा मिनिटं. तुकडा घेताना दुखत नाही. तरुण माणसाला घास अडकत असेल तर अस्तर वरवर ठीक दिसलं तरी अन्ननलिकेच्या वेगवेगळ्या जागांचे निदान सहा तुकडे घ्यायला हवेत. ॲलर्जीमुळे होणारी एक प्रकारची सूज फक्त त्यातूनच कळते. हे आधी बोलून ठेवा.

घसा बधिर असेपर्यंत, साधारण अर्धा ते एक तास, काही खाऊ-पिऊ नका. मग आधी घोटभर पाणी. ठसका लागला नाही तर बाकीचं. घसा दिवसभर खवखवतो. साध्या तपासणीत अन्ननलिकेला छिद्र पडणं फार दुर्मिळ आहे, हजारोंत एखाद्याला. तरी छातीत, मानेत किंवा पोटात वाढतं दुखणं, ताप, धाप, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी परत जा.

पायरी ९ : रिपोर्ट कसा वाचायचा

अन्ननलिकेच्या जखमांना ए ते डी अशी श्रेणी देतात. ए म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतचे ओरखडे. एवढे निरोगी माणसांतही सापडतात, त्यावरून आजार सिद्ध होत नाही. बी मध्ये ते त्याहून लांब असतात. सी आणि डी मध्ये जखमा एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि डी मध्ये त्यांनी नलिकेचा तीन चतुर्थांश किंवा अधिक घेर व्यापलेला असतो. सी किंवा डी असेल तर औषध लांबतं, आणि सुमारे आठ आठवड्यांच्या उपचारानंतर पुन्हा एंडोस्कोपी करून जखम भरली का आणि तिच्याखाली बॅरेट दडलेलं नाही ना, हे बघावं लागतं.

"लॅक्स एलईएस" (अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल) हे शब्द आपल्याकडच्या कितीतरी रिपोर्टांत असतात आणि ते वाचून लोक झडप निकामी झाली म्हणून हादरतात. त्या मिनिटाला, पोटात हवा भरलेली आणि उबळ चालू असताना झडप सैल दिसली, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर वेगळं औषध नाही आणि नुसत्या या शब्दांवर शस्त्रक्रियाही होत नाही. लहान हायटस हर्निया म्हणजे जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून थोडा वर सरकलेला. तोही अनेकांना असतो. "अँट्रल गॅस्ट्रायटिस" म्हणजे बहुतेकदा जठराच्या खालच्या भागातली लाली, आणि छातीतल्या जळजळीचं कारण ती असेलच असं नाही. "इरेग्युलर झेड-लाइन", म्हणजे अन्ननलिका आणि जठर यांच्या अस्तरांमधली रेघ वेडीवाकडी असणं, म्हणजे बॅरेट नव्हे. बॅरेट म्हणायला बदललेलं अस्तर किमान १ सेंटिमीटर वर गेलेलं असावं लागतं आणि तुकड्याच्या तपासणीत ते सिद्ध व्हावं लागतं.

"आरयूटी पॉझिटिव्ह" म्हणजे हेलिकोबॅक्टर सापडला. त्यावर सहसा १४ दिवसांचा अँटिबायोटिकांचा कोर्स असतो, आणि तो मध्येच सोडला तर जंतू चिवट होतो. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने जंतू गेला का ते तपासून घ्या. जंतू जाण्याने व्रणाचा आणि जठराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. छातीतली जळजळ त्याने थांबेलच असं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. बायोप्सी घेतली असेल तर तिचा रिपोर्ट साधारण आठवडाभराने येतो, आणि तो डॉक्टरांना दाखवेपर्यंत तपासणी पूर्ण झालेली नसते. कितीतरी लोक पहिल्या दिवशीच्या रंगीत फोटोंवर समाधान मानून तो आणायला जातच नाहीत.

रिपोर्ट स्वच्छ आला आणि जळजळ तशीच राहिली, तर पुढची तपासणी म्हणजे २४ तासांची पीएच चाचणी. नाकातून एक बारीक तार अन्ननलिकेत ठेवतात आणि दिवसभर नेहमीसारखं खाता-पिता ॲसिड किती वेळा वर येतं ते मोजतात. सोबत अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री करतात. या सोयी मोठ्या शहरांतच मिळतात. ॲसिड खरंच वर येत असेल तर औषध वाढवायचं की शस्त्रक्रियेचा विचार करायचा हे ठरतं; येत नसेल तर वर्षानुवर्षं चाललेली गोळी बंद करता येते आणि मज्जातंतूंची संवेदनशीलता कमी करणारे वेगळे उपचार सुरू होतात. ही चाचणी झाल्याशिवाय, नुसत्या जळजळीसाठी दरवर्षी एंडोस्कोपी करत राहण्याने काही हाती लागत नाही. मात्र पायरी २ मधली एखादी खूण नव्याने दिसली, तर मागची एंडोस्कोपी सहा महिन्यांपूर्वीची असली तरी नवी तारीख घ्या.